सणांतील कल्पित पात्रे व बालविश्वास

सणांच्या निमित्ताने मुलांना ज्या अलौकिक पात्रांच्या गोष्टी सांगितल्या जातात, ती पात्रे खरोखर आहेत असे लहान मुले काही वर्षे मानतात. पूर्व विदर्भातील मारबत, होळीच्या कथेतील ढुंढा राक्षसी आणि नाताळबाबा अर्थात सांताक्लॉज ही अशा पात्रांची उदाहरणे होत. पालकांनी हा विश्वास जोपासावा, त्याकडे दुर्लक्ष करावे की तो दूर करावा, हा बालसंगोपन, बालमानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांतील चर्चेचा विषय आहे. पाश्चात्त्य देशांतील चर्चा प्रामुख्याने नाताळबाबाभोवती फिरते आणि पालकांनी मुलांशी खोटे बोलावे काय, या प्रश्नावर केंद्रित असते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. येथील परंपरेतील पात्र मुलांच्या डोळ्यांदेखत तयार होते व दुसऱ्या दिवशी गावाबाहेर टाकले जाते. त्यामुळे फसवणुकीचा मुद्दा गौण ठरतो आणि भीती, आजाराचे कारण व दोषारोप हे मुद्दे पुढे येतात.

व्याप्ती

सणांशी निगडित पात्रांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार उपास्य दैवतांचा. गणेशोत्सवात बाप्पा पाहुणा म्हणून घरी येतो व विसर्जनानंतर आपल्या गावी जातो, असे मुलांना सांगितले जाते. श्रद्धाळू कुटुंबाच्या दृष्टीने हे दैवत कल्पित नसते. त्यामुळे त्याची गणना सामान्यतः या विषयात केली जात नाही. दुसरा प्रकार पुराणकथांतील दुष्ट पात्रांचा असून पूतना, होलिका, ढुंढा व रावण ही त्याची उदाहरणे आहेत. तिसऱ्या प्रकारात भेटवस्तू देणारी पात्रे येतात; नाताळबाबा हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. चौथा प्रकार बागुलबुवासारख्या धाक दाखविणाऱ्या पात्रांचा आहे. बागुलबुवा कोणत्याही एका सणाशी जोडलेला नसला, तरी मुलांना वळण लावण्यासाठी त्याचा होणारा उपयोग सणांतील पात्रांच्या उपयोगाशी मिळताजुळता आहे.

हे प्रकार एकमेकांपासून पूर्णतः वेगळे राहत नाहीत. एका कुटुंबाला जे पात्र केवळ गोष्टीतले वाटते, ते दुसऱ्या कुटुंबाला पूज्य असू शकते.

गोंदिया जिल्ह्यातील परंपरा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्याच्या सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांना लागून आहेत. जिल्ह्यात मराठीबरोबर पवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा-बोली बोलल्या जातात. भातशेती हा येथील शेतीचा मुख्य आधार असून सणांचे चक्रही तिच्याशी जोडलेले आहे.

मारबत

श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो व दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मारबत काढली जाते. पवारी व हिंदी बोलणाऱ्या लोकांत आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात या प्रथेला नारबोद असेही म्हणतात. खेड्यांमध्ये पळसाच्या फांद्या, गवत, कागद, जुने कापड असे सहज उपलब्ध होणारे साहित्य यासाठी वापरले जाते. गावातील रोगराई, खोकला, डास, ढेकूण व इतर पिडा मारबतीने आपल्याबरोबर न्याव्यात, अशा अर्थाच्या आरोळ्या देत ती वेशीबाहेर नेली जाते. या आरोळ्यांत मुलांचा आवाज मोठा असतो.

नागपूर शहरात हीच प्रथा काळी मारबत, पिवळी मारबत व बडगे यांच्या मोठ्या मिरवणुकीच्या रूपाने पाळली जाते. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू अशा समकालीन पिडांवरचे बडगेही तेथे निघतात. मारबतीचा संबंध कृष्णकथेतील पूतनेशी जोडला जातो. बाळकृष्णाला विषारी दूध पाजण्यासाठी आलेली पूतना त्याच्याच हातून मारली गेली, ही कथा मुलांना या दिवशी सांगितली जाते.

बालविश्वासाच्या दृष्टीने मारबतीचे वैशिष्ट्य असे की, ती बनविताना मुले हजर असतात व अनेकदा हातभारही लावतात. कालपर्यंत पळसाची फांदी असलेली वस्तू आज रोग नेणारी मारबत झाली, हे त्यांना ठाऊक असते. तरीही आरोळी देताना ती खेळाबाहेर राहत नाहीत.

तान्हा पोळा

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून आणतात, त्यांची पूजा होते आणि मुलांना खाऊ किंवा पैसे दिले जातात. त्यास बोजारा म्हणतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजी यांनी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. लाकडी बैल खरा आहे असे येथे कोणीही मुलाला सांगत नाही. तरी त्याला ओवाळले जाते, त्याच्या कपाळी टिळा लावला जातो. मोठी माणसे मुलाच्या खेळात गांभीर्याने सामील होतात, पण त्याची समजूत बदलण्याचा प्रयत्न करत नाहीत.

होळी

होळीसंबंधी प्रल्हाद व होलिका यांच्या कथेबरोबर ढुंढा राक्षसीची कथाही महाराष्ट्रात प्रचलित आहे. मुलांना पीडा देणाऱ्या या राक्षसीला वरामुळे कोणाकडूनही भय नव्हते. मात्र मुलांच्या आरडाओरड्यापुढे ती टिकली नाही, असा या कथेचा आशय आहे. येथे राक्षसी मुलांना घाबरवते, परंतु तिला पळवून लावणारीही मुलेच असतात.

कचारगड

सालेकसा तालुक्यातील कचारगड येथील गुहा हे गोंड समाजाचे महत्त्वाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगो व रायताड जंगो यांच्याशी निगडित अशी मुक्तिकथा या स्थानाशी जोडलेली आहे. कोया पुनेम मानणाऱ्या कुटुंबांसाठी ही आपल्या पूर्वजांची व सगा-व्यवस्थेच्या उगमाची कथा आहे. तिची गणना कल्पित पात्रांच्या गोष्टींत करणे त्यांना मान्य होणारे नाही.

याच समाजातील अनेक जण रावणाला पूज्य मानतात. गडचिरोलीसह पूर्व विदर्भात रावणदहन बंद करण्याची मागणी आदिवासी संघटनांनी केलेली आहे. दसऱ्याच्या मैदानावर जळणारे पात्र एका मुलासाठी दुष्ट राक्षस, तर त्याच्या वर्गातील दुसऱ्या मुलासाठी पूर्वज असू शकते. मिश्र वस्तीच्या जिल्ह्यात मुलांना कोणते पात्र कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न त्यामुळे घरापुरता मर्यादित राहत नाही.

नाताळबाबा

सांताक्लॉजचे मूळ चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप संत निकोलस यांच्याविषयीच्या आख्यायिकांत आहे. आजचे रूप प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत घडले. महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाबाहेर हे पात्र शाळांतील नाताळ कार्यक्रम, दूरचित्रवाणी, चित्रपट व बाजारपेठ यांमधून पोहोचले. लाल पोशाख घातलेले शिक्षक मुलांना खाऊ वाटतात, तेव्हा त्यांना बहुतेक मुले ओळखतात. रात्री उशाशी गुपचूप भेट ठेवण्याची प्रथा मात्र काही मोजक्याच घरांत आहे.

बालमानसशास्त्रातील निष्कर्ष

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात असे मांडले की, लहान मुले निर्जीव वस्तूंनाही हेतू व भावना चिकटवतात. या मांडणीवरून लहान मुलांना खरे व काल्पनिक यांतील भेद कळत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ झाला. पुढील संशोधनाने तो बराच बदलला. तीन-चार वर्षांची मुले खेळातील भातुकलीचा भात व खरा भात यांत गल्लत करत नाहीत. त्यांना अडचण येते ती ज्या गोष्टी स्वतः पडताळून पाहता येत नाहीत, त्यांबाबत. अशा वेळी ती मोठ्यांच्या शब्दावर अवलंबून राहतात.

जॅकलिन वूली व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना ‘कँडी विच’ नावाच्या, संशोधकांनीच नव्याने रचलेल्या चेटकिणीची गोष्ट सांगण्यात आली. ती रात्री येऊन गोळ्या नेते व त्या जागी खेळणे ठेवते, असे गोष्टीत होते. अनेक मुलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांतील वयाने मोठ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी पालकांनी खेळणे ठेवून ‘भेट’ घडवून आणली, त्यांचा विश्वास इतरांहून दृढ होता. ‘पुरावा’ जुळवून निष्कर्ष काढण्याची मोठ्या मुलांची क्षमताच येथे त्यांना चुकीच्या निष्कर्षाकडे घेऊन गेली.

पॉल हॅरिस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मुलांना जंतू व प्राणवायू यांसारख्या अदृश्य वैज्ञानिक गोष्टींविषयी आणि नाताळबाबासारख्या पात्रांविषयी विचारले. दोन्ही गटांतील गोष्टी मुलांनी पाहिलेल्या नव्हत्या, तरी बहुतेक मुलांनी त्या आहेत असे सांगितले. मात्र जंतूंविषयीची त्यांची खात्री अधिक होती. याचे एक स्पष्टीकरण मोठ्यांच्या बोलण्याच्या रीतीत शोधले जाते. ‘हात धू, जंतू असतात’ असे मोठी माणसे सहजपणे बोलतात. जंतूंवर आपला विश्वास आहे, असे कोणी मुद्दाम सांगत नाही. ज्या गोष्टीवरील विश्वास वारंवार बोलून दाखवावा लागतो, तिच्याविषयी मतभेद आहेत, हे मुले हेरतात.

विश्वास सुटण्याविषयी कार्ल अँडरसन व नॉर्मन प्रेंटिस यांचा १९९४ चा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. नाताळबाबावरील विश्वास सुटलेल्या ५२ मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या मुलाखतींतून असे दिसले की, मुलांना सत्य साधारण सातव्या वर्षी व बहुधा स्वतःहूनच उमगले. मुलांच्या प्रतिक्रिया मोठ्या प्रमाणात सकारात्मक होत्या. वाईट वाटले ते पालकांना.

धाक दाखविण्यासाठी बोलल्या जाणाऱ्या असत्याचा अभ्यास गेल हेमन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केला. मुलांना खरे बोलण्याची शिकवण देणारे पालकही त्यांना वळण लावताना सर्रास असत्याचा आधार घेतात, असे त्यात आढळले.

शिक्षणशास्त्रीय मते

मारिया माँटेसरी यांनी कल्पनाशक्ती व भोळा विश्वास यांत फरक केला. मोठ्यांनी रचलेली कल्पना मूल खरी मानते, तेव्हा कल्पना मोठ्यांची असते व मुलाच्या वाट्याला केवळ विश्वास येतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मुलाची सर्जक कल्पना प्रत्यक्ष जगाच्या अनुभवातून वाढावी, असे त्या मानत. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या. त्यांच्या विचारांचा महाराष्ट्रातील प्रसार ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षण कार्यातून झाला. ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका हे माँटेसरी विचारांचे पुरस्कर्ते असले, तरी गोष्टींना त्यांच्या शिक्षणपद्धतीत मध्यवर्ती स्थान होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक वर्गाला गोष्टी सांगूनच आपल्या प्रयोगाची सुरुवात करतो.

ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९७६ मधील ग्रंथात परीकथांची बाजू घेतली. राक्षस व चेटकिणी मुलाच्या मनातील अव्यक्त भीतीला आकार देतात आणि कथेच्या शेवटी तिच्यावर मात करण्याचा अनुभव मिळवून देतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ढुंढेच्या किंवा पूतनेच्या कथेला हे विवेचन लागू करता येते.

विश्वास जोपासण्याच्या बाजूचे युक्तिवाद

सण हा पिढ्यांना जोडणारा अनुभव असून त्यातील पात्रे भाषा, लोककथा व सामूहिक स्मृती यांची वाहक आहेत. पवारी, गोंडी किंवा झाडीबोलीतील आरोळ्या व कथा मुलाच्या कानावर पडण्याचा सण हा एक मोठा प्रसंग असतो. वाईटाला रूप देऊन ते सर्वांनी मिळून गावाबाहेर टाकण्याच्या कृतीतून मुलाला दिलासा व सहभागाची भावना मिळते. शिवाय असा विश्वास बहुधा वयानुसार आपोआप सुटतो आणि त्यामागील युक्ती ओळखणे हाच चिकित्सक विचाराचा पहिला धडा ठरतो, असेही म्हटले जाते.

विरोधी युक्तिवाद

आक्षेप घेणाऱ्यांचा पहिला मुद्दा विश्वासार्हतेचा आहे. ख्रिस्तोफर बॉयल व कॅथी मॅके यांनी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकातील लेखात, दीर्घकाळ चालविलेल्या अशा असत्यामुळे मुलांचा पालकांवरील विश्वास डळमळू शकतो, अशी शंका उपस्थित केली. दुसरा मुद्दा विषमतेचा. चांगल्या मुलांना नाताळबाबा चांगली भेट देतो असे सांगितल्यास, ज्याला भेट मिळाली नाही ते मूल स्वतःलाच वाईट समजू शकते. प्रत्यक्षात फरक पालकांच्या मिळकतीचा असतो. तिसरा मुद्दा धाकाचा. मूल ऐकत नाही म्हणून मारबत किंवा बागुलबुवा घेऊन जाईल असे सांगितले, की त्या पात्राचा सामूहिक व सुरक्षित खेळ संपून ते एकट्या मुलाच्या रात्रीच्या भीतीचा विषय होते.

चौथा मुद्दा स्थानिक परिस्थितीत सर्वांत महत्त्वाचा आहे. आजार एखाद्या दुष्ट स्त्रीरूपामुळे येतो, ही कल्पना गोष्टीपुरती राहिली तर निरुपद्रवी असते. ती जिवंत स्त्रीला लावली गेली तर करणी किंवा जादूटोण्याच्या आरोपाचे रूप घेते.

आरोग्य व कायदा

मारबतीचा सण पावसाळ्यात येतो. हाच काळ डासांच्या वाढीचा आणि शेतात सर्पदंशाचा असतो. जिल्ह्याच्या जंगलव्याप्त भागांत हिवताप ही जुनी समस्या असून विदर्भातील काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिले. लहान मुलाला परजीवी दिसत नाही आणि पूतनाही दिसत नाही. हॅरिस यांच्या निष्कर्षाचा विचार करता, यांपैकी कोणती गोष्ट आजाराचे कारण म्हणून त्याच्या मनात रुजेल, हे घरात तापाविषयी रोजच्या बोलण्यात काय म्हटले जाते व ताप आल्यावर त्याला कोठे नेले जाते, यावर बरेचसे अवलंबून राहते. वर्षातून एकदा दिलेल्या आरोळीचे वजन त्यापुढे कमी असते.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा विदर्भाशी जवळचा संबंध आहे. संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी कीर्तन-भजनांतून अनिष्ट रूढींवर टीका केली. श्याम मानव यांनी नागपूर येथून अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य उभे केले. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सण नाकारण्याऐवजी त्यांचे रूप बदलण्यावर भर दिला. होळी लहान करून पोळी दान करण्याची मोहीम हे त्याचे उदाहरण होय.

दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. करणी किंवा जादूटोणा करत असल्याचा आरोप करून एखाद्या व्यक्तीचा छळ करणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचा आधार घेणे ही कृत्ये या कायद्यानुसार गुन्हा आहेत. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा व पारंपरिक पूजाअर्चा मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. कायद्याचा रोख कथेवर नसून कथेच्या नावाखाली होणाऱ्या इजेवर आहे.

वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१क नुसार नागरिकांचे एक मूलभूत कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद १४ मुलाचे विचार, सद्‌सद्विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करतो आणि मुलाच्या वाढत्या क्षमतेनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्कही मान्य करतो. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली.

पालकांसाठी व्यावहारिक भूमिका

विश्वास पूर्णपणे जोपासणे आणि तो खोडून काढणे या दोन टोकांच्या मध्ये अनेक मार्ग आहेत. तान्हा पोळ्यात दिसणारी रीत, म्हणजे खेळात मनापासून सामील होणे पण खोटा पुरावा न जुळविणे, ही त्यांतील एक होय. वूली यांच्या प्रयोगातील रचलेली ‘भेट’ आणि उघडपणे ओवाळलेला लाकडी बैल यांतील फरक येथे निर्णायक ठरतो.

मुलाने ‘हे खरे आहे का?’ असे विचारल्यास उत्तर टाळण्यापेक्षा ‘तुला काय वाटते?’ असा प्रतिप्रश्न करावा आणि मुलाचा संशय पक्का झाला असल्यास तो मान्य करावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. पात्राचा उपयोग शिक्षेची धमकी म्हणून न करणे, आजाराचे खरे कारण गोष्टीबरोबरच सांगणे आणि दुसऱ्या कुटुंबाच्या पूज्य पात्राची मुलांपुढे हेटाळणी न करणे, या बाबी विश्वास जोपासणाऱ्या व न जोपासणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या घरांना लागू पडतात. मारबत वेशीबाहेर नेल्यावर त्याच मुलांना घेऊन साचलेल्या पाण्याची डबकी बुजविणे व पाण्याची भांडी कोरडी करणे सहज शक्य असते. डासांना गावाबाहेर नेण्याची विनंती मारबतीला केलेलीच असते. ती पुरी कशी होते, हे मुलांना या कृतीतून कळते.

हेही पहा

पोळा
तान्हा पोळा
मारबत
कचारगड
सांताक्लॉज
अंधश्रद्धा